वहिनीचं रक्त

माझ्या वहिनीचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत दोनदा आलं. पहिल्यांदा ती धडधाकट होती आणि तिनेच हात पुढे केला होता. दुसऱ्यांदा ते मी मागून आणलं.

मी मलेरियावर काम करते. म्हणजे औषध शोधत नाही आणि डासही मारत नाही. घरच्यांना हे इतक्या वर्षांत नीटसं पटलेलं नाही. मलेरियाचा जंतू रक्तातल्या लाल पेशींत शिरतो, तिथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो, एवढं शाळेत सगळेच शिकतात. पण या आजारात ज्या पेशींना जंतूने हातही लावलेला नसतो, अशा कितीतरी चांगल्या पेशीही नाहीशा होतात. काही रोग्यांच्या बाबतीत तर औषधाने जंतू मरतो, ताप उतरतो, आणि रक्त मात्र कमी होतच राहतं. असं का होतं ते आम्ही शोधतो. आमचा संशय शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर आहे. जंतूशी लढताना शरीर घाईघाईने अँटिबॉडी तयार करतं आणि त्यांतल्या काही आपल्याच निरोगी पेशींना चिकटून बसतात. एकदा का त्या चिकटल्या की पोटातली प्लीहा त्या पेशींना खराब समजून गिळून टाकते.

हे सगळं मी घरी सांगितलं तेव्हा दादा म्हणाला होता, "अँटिबॉडी चांगल्या असतात ना? करोनात तर सगळे त्यांच्याच मागे लागले होते."

"चांगल्याच असतात. पण कधीकधी चुकतात."

"मग त्यांना शिकवायचं काम तुझं," असं म्हणून तो हसला होता.

आमचं घर वसईजवळच्या होळी गावात. केळीची वाडी, थोडी फुलझाडं, विहीर. मी लग्नानंतर आचोळ्याला राहायला गेले, तरी दर रविवारी रिक्षा करून माहेरी जायची सवय सुटली नाही. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणजे दादा आणि वहिनी. दादा नोकरीला जातो. वाडी खरं तर वहिनीच सांभाळते. ती विरारजवळच्या चांदीप गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. दोघांची ओळख विरारच्या कॉलेजात झाली. आमच्या घरी आली तेव्हा तिला केळीतलं काही कळत नव्हतं. आईच्या हाताखाली ती सगळं शिकली, केळी उन्हात वाळवून सुकेळी करायलाही शिकली, आणि आता तिच्या सुकेळ्यांना गिरीज-निर्मळपासून मागणी असते. बोलणं मात्र तिने चांदीपचंच ठेवलं. पाण्याला 'पानी' म्हणते आणि 'मला'च्या जागी 'मना'. आई तिला सुरुवातीला दुरुस्त करायची. मग आईच कधीकधी पानी म्हणायला लागली.

आम्हाला तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त लागतं. प्रयोगशाळेतले विद्यार्थी देतात, पण मलेरिया जिथे होतो अशा भागात राहणारी आणि तरीही मलेरिया न झालेली माणसं मिळाली तर जास्त बरं. हे मी एकदा जेवताना सहज बोलले. वहिनी म्हणाली, "माझं चालंल?"

"चालेल की. पण मुंबईला यावं लागेल."

"येईन. तू दिवसभर काय करतेस ते तरी बघीन."

ती आली. नवी साडी नेसून, डब्यात पातोळ्या घेऊन. आमच्या मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तिला सगळं फिरवून दाखवलं. रक्त काढणाऱ्या मुलीसमोर तिने बाही वर केली आणि म्हणाली, "घे गो, मना काय कमी हाय?" नंतर मी तिला सूक्ष्मदर्शकाखाली तिच्याच लाल पेशी दाखवल्या. बराच वेळ डोळा लावून बसली.

"पेढे हायत गो," ती म्हणाली. "अंगठ्यानं मधे दाबलेले."

मी इतकी वर्षं त्या पेशी बघते आहे. तेव्हापासून मला त्या पेढ्यांसारख्याच दिसतात.

तिच्या रक्तातला द्रवभाग वेगळा करून आम्ही खोल थंडीत गोठवून ठेवला. डबीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. तिचा क्रमांक मला पाठ होता.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर तिला ताप आला. थंडी वाजून, गोधडीवर गोधडी घालावी लागेल असा. दादाने दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून घेतलं. मलेरिया निघाला, पण नेहमीचा, फारसा जिवावर न येणारा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी फोनवरून त्या पूर्ण घ्यायला बजावलं आणि तिने घेतल्याही. ताप उतरला. पुढच्या तपासणीत जंतू नव्हता. आम्ही सगळे निर्धास्त झालो.

त्यानंतर ती नीट सावरायला हवी होती, तर उलटंच झालं. वाडीत दोन फेऱ्या मारल्या की तिला धाप लागायची. एका रविवारी मी गेले तर ती पायरीवर बसून होती आणि पदराने वारा घेत होती. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच म्हटलं तरी चालेल. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर किंचित पिवळी झाक होती.

"दादा, उद्या नको, आत्ताच हिचं रक्त तपासून घे," मी म्हणाले. त्याने लगेच गाडी काढली.

सोमवारी मी प्रयोगशाळेत असताना त्याने रिपोर्टचा फोटो पाठवला. हिमोग्लोबिन भयंकर खाली आलं होतं. जंतू कुठेच नव्हता. वसईतल्या एका खासगी रुग्णालयात तिला दाखल करून घेतलं होतं आणि रक्त द्यायचं ठरलं होतं.

इथे जे झालं ते मी दादाला सांगितलेलं नाही. तो रिपोर्ट वाचताना माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही: हिचं आजाराआधीचं रक्त आपल्याकडे आहे. त्या पाठोपाठ, खरोखर एका श्वासाच्या अंतराने, भीती वाटली. पण आधी ते आलं. एकाच माणसाचं मलेरियाआधीचं आणि मलेरियानंतर असं घसरलेलं रक्त आमच्या कामात मिळत नाही. माणूस आजारी पडल्यावरच आमच्याकडे येतो. तो आधी कसा होता हे कुणी जपून ठेवलेलं नसतं. आम्ही ठेवलं होतं, आणि ती माझी वहिनी होती.

मी उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं.

त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "रक्त दिलं का तिला?"

"नाही अजून. बॅग आणायला गेलेत."

"दिलं की आपल्या दृष्टीने संपलं. दुसऱ्याच्या पेशी मिसळल्या की तिच्या पेशींवर काय चिकटलंय ते कळणार नाही." मग चष्मा काढून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पण ती तुझी वहिनी आहे. तुला नको वाटत असेल तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. खरंच सांगते."

त्यांनी मला सुटका दिली होती. मी ती घेतली नाही. संमतीचे कागद, नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन मी वसईला निघाले.

रुग्णालयातल्या डॉक्टरांना मी आधी विचारलं. ते म्हणाले, थोडंसं रक्त काढल्याने तिला धोका नाही, आमच्या तपासण्यांना आम्हीही काढतोच. तिची हरकत नसेल तर माझी नाही. मग मी खोलीत गेले. वहिनी उशीला टेकून बसली होती. चेहरा मेणासारखा झाला होता. मला पाहून तिला बरं वाटलं, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. ती समजली, मी तिला बघायला आले.

मी तिच्याजवळ बसले, कपाळावर हात ठेवला, कसं वाटतंय विचारलं. थोडा वेळ गेल्यावर म्हणाले, "वहिनी, एक विचारायचं होतं. तुला बॅग लावायच्या आधी थोडं रक्त हवं होतं. आमच्या कामाला."

"माझं?"

"हो. तू मागे दिलं होतंस ना, त्याच्याशी ताडून बघायला. नाही म्हणालीस तरी चालेल."

नाही म्हणालीस तरी चालेल हे वाक्य आमच्या प्रत्येक संमतीपत्रकात असतं. ते तिथे छापलेलं बरं वाटतं. माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा मलाच खोटं वाटलं. आजारी बाई, समोर तिची नणंद, हातात बर्फाचा डबा घेऊन मुंबईहून धावत आलेली. नाही कशी म्हणेल?

"घे," ती म्हणाली.

मी कागद पुढे केला. "वाच तरी आधी."

"तू आनलायस ना. मग काय वाचू?" तिने सही केली. सहीतलं शेवटचं अक्षर रेषेखाली घसरलं.

नर्सने पट्टा बांधला. शीर सापडेना. अंगात रक्त कमी असलं की शिरा आत जातात हे मला माहीत होतं; सूक्ष्मदर्शकाखाली माझं जेवढं लक्ष असतं तेवढं या गोष्टीकडे असायला हवं होतं. एकदा सुई आत गेली आणि रिकामीच बाहेर आली. दुसऱ्या ठिकाणी गेली. वहिनीने तोंड भिंतीकडे वळवलं. तिसऱ्या वेळी नळीत रक्त आलं, पाण्यासारखं पातळ, फिकट. शिरेभोवती निळी गाठ उठली.

तेवढ्यात दादा रक्ताची बॅग घेऊन आला. दारात उभा राहून त्याने ती निळी गाठ पाहिली, नर्सच्या हातातली नळी पाहिली, मग माझ्या पायाशी ठेवलेला डबा.

"हे काय चाललंय?"

"दादा, बॅग लावली की तिचं रक्त तपासता येत नाही, म्हणून आधी..."

"तिच्या अंगात रक्त नाही म्हणून मी हे घेऊन आलोय." त्याचा आवाज चढला नव्हता. "आणि तू काढून नेतेयस?"

"डॉक्टरांना विचारलंय मी."

"मला विचारलंस?"

वहिनी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "जाऊ द्या हो. मीच दिलं."

बॅग लावायला आता त्या हाताला शीर उरली नव्हती. दुसऱ्या हाताच्या पंजावर शोधावी लागली, तिथेही पुन्हा टोचाटोची झाली. फार उशीर झाला नाही. डॉक्टरांनी दादाला तसं समजावूनही सांगितलं. पण त्या सगळ्या वेळात ती ओठ घट्ट मिटून पडली होती आणि माझ्या डब्यातला बर्फ वितळत होता. मला दोन्हींची काळजी वाटत होती. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण दोन्हींची वाटत होती.

नमुना ताजा असतानाच प्रयोगशाळेत पोहोचायला हवा होता. मी दादाला म्हणाले, "मी येते जाऊन." तो बॅगेतून पडणारे थेंब बघत राहिला.

आमच्याकडे एक यंत्र आहे. त्यात पेशी एकामागून एक लेझरच्या झोतासमोरून जातात, आणि ज्या पेशीवर अँटिबॉडी चिकटलेली असेल ती चमकते. पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. निरोगी माणसाचे ठिपके डावीकडे एका गठ्ठ्यात बसतात. वहिनीचे ठिपके सुरुवातीला डावीकडेच पडू लागले आणि मग उजवीकडे सरकले, सरकतच राहिले. तिच्या कितीतरी पेशींवर तिच्याच अँटिबॉडी चिकटल्या होत्या. त्या पेशींत जंतूचा मागमूस नव्हता. मग आम्ही तिचा आधीचा गोठवलेला द्रव काढला, एका निरोगी विद्यार्थ्याच्या पेशींवर घातला. काही चिकटलं नाही. आताचा घातला. ठिपके उजवीकडे पळाले.

जे आम्ही वर्षानुवर्षं अंदाजाने म्हणत होतो ते एका माणसात, आधी आणि नंतर, असं समोर होतं. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसले. नुसतं हसले नाही, मी "येस!" असं ओरडले; शेजारच्या खोलीतली दोन मुलं काय झालं म्हणून बघायला आली.

मग बेसिनपाशी हात धुताना आरशात माझा चेहरा दिसला. अजून हसत होता. पर्समधला फोन काढला तर दादाचा मेसेज येऊन पडला होता: "बॅग संपली. थंडी वाजतेय तिला." तो मी वाचलाच नव्हता. वसई सोडल्यापासून एकदाही फोन केला नव्हता.

प्रयोगशाळेत पहिल्यांदा उंदरांवर काम करायला लागले तेव्हा मला रात्री झोप येत नसे. मलेरियाने वाकडे झालेले, पाय ओढत चालणारे उंदीर डोळ्यांसमोर यायचे. नंतर सवय झाली. आमच्या कामात सवय व्हावीच लागते, नाहीतर काम होत नाही, असं मीच नव्या विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. ती सवय उंदरांपुरती राहते अशी माझी समजूत होती.

मी ताबडतोब फोन लावला. दादाने उचलला. "डॉक्टर म्हणाले, रक्त दिल्यावर असं होतं कधीकधी. आता झोपलीय." एवढं बोलून ठेवला.

वहिनी बरी झाली. आणखी एकदा रक्त द्यावं लागलं, काही आठवडे गोळ्या चालल्या, आणि हिमोग्लोबिन हळूहळू वर आलं. तिच्या अंगात काय चाललं होतं ते आमच्या निकालावरून तिच्या डॉक्टरांनाही नीट कळलं, असं ते स्वतःच म्हणाले. मी ते दादाला सांगितलं नाही. त्या दिवशी मी ते रक्त तिच्या डॉक्टरांसाठी काढलं नव्हतं. आता त्याचं भांडवल करणं मला जमलं नाही.

भाऊबीजेला मी गेले. दादा पाटावर बसला, ओवाळून घेतलं, ओवाळणी घातली, आणि जेवण झाल्यावर वाडीत निघून गेला. पूर्वी आम्ही दोघं वाडीतल्या पाण्याच्या पाटाच्या कडेने बोलत फिरायचो. त्या दिवशी तो पाटाचं पाणी वळवत राहिला आणि मी ओट्यावरून बघत राहिले.

वहिनी अंगणात सुकेळ्यांची केळी मांडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि साली काढायला लागले. तिच्या हातावरची ती निळी गाठ कधीच गेली होती. तरी माझी नजर तिथेच जात होती.

"ताई," ती म्हणाली, "तुझ्या मशिनीत काय दिसलं ते तू सांगितलंच नाय."

मी सांगितलं. अँटिबॉडी, चिकटलेल्या पेशी, प्लीहा, सगळं. तिला पेढे आठवत होते, म्हणून ते पटकन समजलं.

"म्हंजे माझंच अंग मना खात होतं."

"हो. तसंच काहीसं."

तिने एक केळं उचललं, उलटसुलट पाहिलं, खाली ठेवलं. "तेव्हा मी नाय म्हनले असते तर?"

"मी ऐकलं असतं. गेले असते परत."

"गेली असतीस. पन तोंड पडलं असतं तुझं."

मी हातातलं केळं सोलत राहिले.

"तेच बघायचं नव्हतं मना," ती म्हणाली. "मना वाटलं तू भेटाय आलीस. मंग डबा दिसला." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"वहिनी, तू सांगितलंस तर तुझं रक्त आमच्या कामातून काढून टाकता येतं. आधीचंही आणि नंतरचंही. तसा नियम आहे. कारण सांगावं लागत नाही."

"काढून काय होल? माझं अंगात परत येनार हाय?"

"तसं नाही, पण..."

"दुसऱ्या कोनाला उपेग होल ना त्याचा?"

"होईल. म्हणजे, व्हावा."

"मंग ऱ्हाऊ दे." थोड्या वेळाने ती म्हणाली, "पन त्या दिवशी कसं काय झालं ते त्यांना तू सांग. तुझ्या दादाला. माझ्या तोंडानं सांगून नाय पटत त्यांना. त्यांना वाटतं मी तुला पाठीशी घालते."

ते सांगायला मला पुष्कळ दिवस लागले. तोपर्यंत मी मॅडमशी बोलले. घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला रक्त मागायला आमच्यापैकी कुणी स्वतः जायचं नाही, जायचंच असेल तर ज्याचा त्या घराशी संबंध नाही असा माणूस जाईल, असं आम्ही ठरवलं. मॅडम म्हणाल्या, "मीच तुला त्या दिवशी थांबवायला हवं होतं." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर माझं होतं.

आमचं काम आता पूर्ण होत आलंय. त्यातल्या एका आकृतीत दोन ठिपके रेषेने जोडलेले आहेत, वहिनीच्या आधीच्या रक्ताचा खाली, नंतरच्या रक्ताचा खूप वर. ती आकृती मी विद्यार्थ्यांसमोर, पाहुण्या शास्त्रज्ञांसमोर कितीदा तरी दाखवली. लोक तिथे थांबतात, पुढे वाकून बघतात, कुणीतरी म्हणतं, असा नमुना तुम्हाला मिळाला तरी कसा? मी म्हणते, निरोगी गटातली एक बाई पुढे आजारी पडली. वाक्यात काहीच खोटं नाही. ते बोलून मी लगेच पुढची आकृती लावते.

दादाला सांगितलं ते या उन्हाळ्यात. विहिरीचा पंप बिघडला होता आणि तो एकटाच नट पिळत बसला होता. मी पाना धरायला बसले आणि सांगून टाकलं. रिपोर्ट वाचताना मनात आधी काय आलं ते सोडून सगळं. ते सांगायचं धाडस झालं नाही.

त्याने ऐकून घेतलं. नट पिळत राहिला.

"कामाला आलं का तिचं रक्त?" त्याने विचारलं.

"आलं."

"खूप?"

"खूप, दादा."

त्याने दुसरा नट पिळायला घेतला. मग म्हणाला, "पाना घट्ट धर. सुटतोय तुझ्या हातून."

मी दोन्ही हातांनी धरला. पंप सुरू झाला, पाणी आलं, आणि तो पाटाकडे निघाला. चार पावलं गेल्यावर मागे वळून म्हणाला, "येतेयस का?"

मी उठून त्याच्या मागे गेले. पाटाच्या कडेने आम्ही केळीच्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेलो. कुठल्या झाडाला घड धरलाय, कुठल्याला नाही, एवढंच बोललो.